शॅम्ब्लिंग माउंड : पाण्याच्या काठाशी खुलणारा राक्षस

फासे टाकून, कल्पनेतली पात्रे रंगवत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात १९७५ पासून वावरणारा शॅम्ब्लिंग माउंड म्हणजे कुजक्या वेली, मुळ्या आणि पाचोळा यांचा चालता ढिगारा. २०१४ मधल्या पाचव्या आवृत्तीतले त्याचे रूप मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी आणि राक्षसांच्या चाली खेळणारी) म्हणून अनेकदा वापरले आहे आणि दलदलीतला प्रसंग रचायचा झाला की माझ्या मनात प्रथम तोच येतो.

त्याचे सगळ्यात मोठे बळ म्हणजे वीज. विजेने त्याला इजा होत नाहीच, उलट जेवढी इजा व्हायची तेवढे हिट पॉइंट्स (जीव किती उरला ते सांगणारे गुण) त्याला परत मिळतात. आमच्या एका खेळात बराच घायाळ झालेल्या माउंडवर जादूगाराने विजेचा झोत सोडला, इजा किती ते ठरवायला सहा बाजूंचे आठ फासे मोठ्या उत्साहाने टाकले, आणि तुटून लोंबणाऱ्या वेली पुन्हा एकमेकींत गुंफल्या जात असल्याचे वर्णन मी सुरू करताच सगळे गप्प झाले. झाडपाला आहे म्हणजे पेटेल, हा त्यांचा पुढचा अंदाजही फसला, कारण आगीची इजा त्याला निम्मीच होते.

एका पाळीतले त्याचे दोन्ही तडाखे एकाच पात्राला बसले की तो त्याला धरून आपल्या अंगात ओढून घेतो. आत गेलेल्याला काही दिसत नाही, जागचे हलता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. या अवस्थेतल्या सोबत्याला सोडवण्याची धडपड हाच लढाईचा गाभा ठरतो.

मात्र जागा नीट निवडावी लागते. जमिनीवर त्याचा वेग पाळीला २० फूट आणि बहुतेक पात्रांचा ३० फूट असल्याने मोकळ्या मैदानात खेळाडू त्याला सहज मागे टाकतात. पाण्यात मात्र तो त्याच २० फुटांनी पोहतो आणि पात्रांचा वेग निम्म्यावर येतो.

एक उणीव मला खटकते. वर्णनात तो आसपासच्या झाडोऱ्यात बेमालूम मिसळतो, पण आकड्यांत त्याला लपण्यासाठी फाशाच्या आकड्यात जेमतेम २ ची भर मिळते आणि चौकस पात्राला तो लगेच सापडतो. म्हणून तो निश्चल पडून असेल तेव्हा मी त्याच्यासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा धरते, आणि खेळाडूंना आधी पाण्यावर नुसता कुजका वास येऊ देते.