अलॉय व्हील चमकवणारा जांभळा डबा दारात आला तर

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागातल्या अपार्टमेंटवाल्यांनी हे जरूर वाचा. रविवारी सकाळी लोक पार्किंगमध्ये गाड्या धुवायला उतरतात, बरोबर त्याच वेळेला एकसारखे टी-शर्ट घातलेली दोन पोरं येतात. एकाच्या हातात स्प्रेची बाटली, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर पाच लिटरचे डबे. "मालक, कंपनीचं प्रमोशन हाय. फुकट डेमो बघा, घ्यायलाच पायजे असं काय नाय." डब्याची किंमत बाराशे. झाकणभर औषध बादलीत टाकायचं, दोन वर्षं वॉशिंग सेंटरचं तोंड बघायला नको, असा हिशेब तोंडपाठ. आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांनी डबे घेतले. माझ्या गाडीची पुढची दोन्ही अलॉय त्यात खराब झाली.

यांची पद्धत नीट समजून घ्या, कारण ती हुशारीची आहे. नुकत्याच धुतलेल्या चाकाच्या फटीतून पोरगा बोट आत घालतो, ब्रेकच्या डिस्कवरून फिरवतो आणि तांबूस झालेलं बोट तुमच्यापुढे धरतो. "बघा, गंज. आता हे अलॉय खाणार." डिस्क असते बिडाची. पाणी लागलं की थोड्याच वेळात तिच्यावर तांबूस थर येतो आणि गाडी काढून चार-दोन ब्रेक मारले की पॅडनं घासून तो निघून जातो. सगळ्या गाड्यांचं असंच असतं. अलॉय ॲल्युमिनियमचं, त्याला लोखंडासारखा गंज चढतच नाही. पण समोरच्याचं लाल बोट बघितल्यावर हे डोक्यात येतं कुणाच्या?

मग जांभळा रंग. बाजारात आयर्न रिमूव्हर नावाचं खरंखुरं लिक्विड मिळतं. ब्रेक मारताना डिस्क आणि पॅड घासून लोखंडाची बारीक गरम पूड उडते, ती चाकावर चिकटते आणि पाण्यानं गंजून तपकिरी होते. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर, म्हणून ती जास्त काळी. मागं ड्रम ब्रेक असेल तर ती चाकं बरीच स्वच्छ राहतात, कारण पूड ड्रमच्या आत राहते. तर हे आयर्न रिमूव्हर त्या लोखंडाला लागलं की त्याचा रंग बदलून जांभळा होतो आणि वास सुटतो कुजक्या अंड्यासारखा. यूट्यूबवर असले व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात, आणि हे पोरांना पक्कं माहीत आहे. त्यांचं औषध बाटलीतच जांभळं होतं, आणि वास गुलाबाचा. खऱ्यात रंग बदलतो. यांचा आधीपासूनच घातलेला.

डेमो मात्र झकास. सर्रकन फवारलं, पांढरा फेस आला, तपकिरी थर ओघळला, लगेच वरून पाणी. चाक शोरूममधून आणल्यासारखं. ओलं असताना ते तसंच दिसतं, आणि वाळेपर्यंत ही मंडळी थांबत नाहीत. क्यूआर कोड पुढे करतात, पैसे घेतात, पुढच्या बिल्डिंगला जातात.

आमच्या पार्किंगला शहाबादी फरशी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या चाकाखाली फरशीवर पांढरे, खरखरीत डाग. बोट फिरवलं तर हाताला खडबडीत लागलं. ज्यांनी ज्यांनी डेमो घेतला होता त्यांच्या चाकांखाली तसेच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ॲसिड लागलं की तो फसफसतो आणि वरचा थर खाल्ला जातो. वॉचमन म्हणाला, "सायब, काल इथनं बुडबुडे येत हुते की, मला वाटलं साबण."

माझा मेव्हणा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डाईंगला आहे. त्याला बोलावलं. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, नाक लांबूनच पुढं केलं, आणि खिशातून ॲसिड ओळखायच्या पीएच पेपरची पट्टी काढून बुडवली. पट्टी लालभडक. "दाजी, हे शाम्पू नव्हे. संडासाच्या ॲसिडात रंग आणि सेंट घातलाय." घरातला खायचा सोडा चिमूटभर घेऊन त्यावर थेंब टाकला तर तो उसळून वर आला. ही परीक्षा कुणालाही करता येते. अनोळखी लिक्विडचा थेंब सोड्यावर टाका, जोरात फसफसलं तर ते ॲसिड आहे, चाकावर नको. हातात रबरी मोजे मात्र घाला. उलट बाजूही लक्षात ठेवा. कॉस्टिक सोडा, म्हणजे जहाल क्षार, तोसुद्धा ॲल्युमिनियम खातो आणि तो खायच्या सोड्यानं फसफसत नाही, म्हणून या परीक्षेत पास झालं की सुरक्षित, असं समजू नका.

चाकाचं काय होतं ते सांगतो. अलॉयवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. आपल्याकडचे खड्डे, उडालेली खडी, फुटपाथला घासलेली कड यांनी त्याला कुठंतरी बारीक टवका गेलेला असतोच. ॲसिड तिथून आत शिरतं, ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवतं आणि लॅकर खालून सुटायला लागतं. माझ्या चाकांवर आधी दुधट ढग आले, मग कडेनं पांढऱ्या रेषा आत सरकत गेल्या. डायमंड कट चाक असेल तर आणखी वाईट, कारण तिथं लॅकरखाली रंग नसतो, थेट कातलेला धातू असतो. पॉलिश मारून हे जात नाही. जुना थर काढून, घासून, पुन्हा कोटिंग करावं लागतं. साध्या स्टीलच्या रिमवाल्यांनीही खूश होऊ नये, रंग उडाला की तिथं मात्र खराखुरा गंज चढतो.

आणि यातला सगळ्यात बेरकी भाग पुढं आहे. डाग उठल्यावर कुणीतरी शेजारी हमखास सांगतो, "त्या पोरांनी एक कार्ड दिलं होतं, चाकं रिपेअर करणाऱ्याचं." आमच्याकडं ते कार्ड दोन घरांत निघालं. त्या पोरांचं आणि रिपेअरवाल्याचं आपसात काही आहे याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून जास्त बोलत नाही. मी तिथं गेलो नाही, एवढंच.

स्वस्तात चाकं स्वच्छ ठेवायची इच्छा चुकीची नाही, आणि त्यासाठी बाराशे लागतही नाहीत. दोन-अडीचशेचा साधा कार शाम्पू बरेच महिने पुरतो. चाक थंड असताना धुवायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हातून आल्या आल्या पाणी मारलं की साबण तिथंच वाळतो. आधी नुसत्या पाण्यानं माती काढा, विशेषतः ऊस हंगामात, कारण ट्रॅक्टरमागून आलेली काळी माती तशीच घासली तर चरे पडतात. मग शाम्पूचं पाणी आणि रंगाचा जुना मऊ ब्रश, नटांच्या खोबणीसाठी टूथब्रश. चाकाची बादली आणि फडकं वेगळं, ते बॉडीला लावायचं नाही. बोअरचं पाणी जड असतं, ते वाळू दिलं की क्षाराचे ठिपके राहतात, म्हणून लगेच पुसायचं. जुना सोलापुरी टॉवेल या कामाला एक नंबर. आठवड्याला एवढं केलं तर पूड घट्ट बसतच नाही. नळाला रोज पाणी नसतं हे मला सांगायला नको, पण चार चाकांना दोन बादल्या भरपूर झाल्या. टायर काळे दिसावेत म्हणून काही ठिकाणी डिझेल फासतात, तेही करू देऊ नका. रबर खराब होतं.

ज्यांनी डबा घेतलाय त्यांच्यासाठी. डबा आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, चाकाचे आणि फरशीचे फोटो काढा. आमच्या डब्याच्या स्टिकरवर गाडीचं चित्र आणि एक मोबाइल नंबर आहे, बाकी काही नाही, आणि तो नंबर आता बंद लागतो. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन-माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं 2011 च्या पॅकबंद वस्तू नियमांनी बंधनकारक आहे. तसं नसेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त समोरचा कोण हे सांगावं लागतं, आणि आमचं घोडं तिथंच अडलंय. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव पावतीवर आहे, त्यावरून पोलिसांत अर्ज दिला आहे.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी उरलेला डबा संडास धुवायला काढलाय आणि त्या कामाला तो उत्तम आहे असं ते सांगत फिरतात. तुम्हीही तसं करणार असाल तर पुराव्यापुरतं थोडं बाजूला काढून ठेवा, आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी चुकूनही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो थेट छातीत जातो.