ध्वनी कॉपी करावा की एएसीमध्ये नव्याने एन्कोड करावा?

वेंगुर्ल्याकडच्या जत्रांमध्ये जुन्या कॅमकॉर्डरवर चित्रित केलेले दशावताराचे प्रयोग एमटीएस या कॅमेऱ्याच्या फाइल-प्रकारातून एमपी४ मध्ये नेल्यावर चित्र दिसते, पण मोबाइलवर आवाज येत नाही, अशी अडचण येऊ शकते. अशा कॅमेऱ्यांचा ध्वनी बहुधा एसी-३ (डॉल्बी डिजिटल) प्रकारचा असतो. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये तो जसाच्या तसा कॉपी केल्यास काम झटपट होते आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही, म्हणून संग्रहासाठी मी हाच मार्ग निवडेन. परंतु एसी-३ उलगडणारा डिकोडर प्रत्येक फोनमध्ये नसतो.

एएसी या बहुतेक फोनवर चालणाऱ्या ध्वनिप्रकारात नव्याने एन्कोड केल्यास वेळ अधिक लागतो आणि थोडी गुणवत्ता जाते. स्टिरिओसाठी १९२ केबीपीएस ठेवल्यास हा फरक सहसा जाणवत नाही (बिटरेट फार कमी ठेवला, तर आधी झांजा चरचरू लागतात). शिवाय रात्रभराच्या चित्रणात टाइमस्टॅम्पच्या (फाइलमधील वेळखुणांच्या) तफावतीमुळे आवाज चित्रामागे हळूहळू रेंगाळू लागला असेल, तर एरिसॅम्पल फिल्टरचा असिंक (आवाज वेळखुणांशी जुळवणारा) पर्याय नव्याने एन्कोड करतानाच वापरता येतो, कारण कॉपी करताना फिल्टर चालत नाहीत. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे असेल, तर मात्र एन्कोड न करताही तो सरकवता येतो.