यूएसबी मीटर, सप्लाय, स्कोप: आठ महिने कर्नल ड्रायव्हर आणि लिबयूएसबी दोन्ही वापरून

जळगाव एमआयडीसीत पंपाच्या पॅनलचे बोर्ड दुरुस्त करायचं माझं छोटं वर्कशॉप आहे. बेंचवर लिनक्सचा जुना पीसी आणि यूएसबीने जोडलेली तीन यंत्रं: पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप. तिन्ही यूएसबीटीएमसीवाली, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांसाठी यूएसबीत जो क्लास ठरवून दिलाय त्यातली. त्याचा ड्रायव्हर २००८ पासून, आवृत्ती २.६.२८ पासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे.

सुरुवात त्यावरच केली. केबल लावली की डेव्ह या फोल्डरमध्ये यूएसबीटीएमसी० नावाची फाइल उगवते, पुढच्या यंत्राला पुढचा नंबर. तिच्यात कमांड लिहायची, तिच्यातूनच उत्तर वाचायचं. दहा ओळींची स्क्रिप्ट, लायब्ररी काही नाही. परवानगीसाठी यूडेव्हचा (यंत्र जोडलं की त्याची फाइल, नाव, परवानगी बघणारा लिनक्सचा भाग) नियम लागतो, पण तो दुसऱ्या वाटेला, लिबयूएसबीलाही (कर्नल ड्रायव्हरशिवाय प्रोग्रॅममधून थेट यूएसबीशी बोलणारी लायब्ररी) लागतोच.

फटका बसला मे महिन्यात. दुपारी लाइट गेली, आली, आणि मीटर-सप्लायच्या फाइलींचे नंबर उलटे झाले. स्क्रिप्टने २४ व्होल्टची कमांड सप्लायऐवजी मीटरला दिली. मीटर बीप करून स्क्रीनवर उणे ११३ दाखवत बसलं, म्हणजे 'ही कमांड मला माहीत नाही'. पोरगा विचारतो, "भाऊ, काय व्हयनं?" बोर्ड वाचला ते नशीब; उलट घडून सप्लायला भलतंच काही गेलं असतं तर? त्याच संध्याकाळी सीरियल नंबर पाहून यंत्रांना पक्की नावं देणारा नियम लिहिला. तेव्हापासून कितीही वेळा लाइट जावो, 'मीटर' म्हणजे मीटरच.

स्कोपने मात्र वैताग आणला. छोटे प्रश्न ठीक, पण वेव्हफॉर्म मागितला की ५ सेकंदांनी टाइमआउट (वाट पाहायची मुदत संपली), आणि पुढच्या प्रश्नाला आधीचंच उत्तर. टाइमआउट वाढवता येतो, कर्नल ४.२० पासून तशी सोय आहे, पण वाढवूनही तेच. शेवटी पायव्हिसा-पाय घेतलं, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांशी बोलणारी पायथॉनची लायब्ररी; तिच्या खाली पाययूएसबी आणि लिबयूएसबी. पहिल्याच रनला एरर १६, रिसोर्स बिझी. कर्नल ड्रायव्हर आधीच इंटरफेस धरून बसलेला. मी शहाणपणा करून ड्रायव्हरच ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे तो लोडच होऊ दिला नाही, तर मीटर-सप्लायच्या फाइलीही गायब! मग फक्त स्कोपपुरता ड्रायव्हर सोडवायची ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली.

पण इथे आत काय चाललंय ते दिसलं. प्रत्येक उत्तराआधी १२ बाइटचं हेडर येतं, त्यात पुढच्या डेटाची लांबी असते. आमचा स्कोप लांबी सांगतो पूर्ण वेव्हफॉर्मची आणि पाठवतो तुकडा. दोष फर्मवेअरचा, म्हणजे स्कोपच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. पायथॉनच्या फाइलमध्ये चार ओळी बदलल्या, काम झालं. हेच कर्नलमध्ये करायचं तर ड्रायव्हरचं मॉड्यूल कंपाइल करा, आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर पुन्हा तेच. तेवढा वेळ सीझनमध्ये कुणाकडे आहे?

वेगाचा वाद मला तरी फुकटचा वाटला. मीटर १० पीएलसीवर (मेन्स विजेची १० आवर्तनं मोजत राहणं) ठेवलं की ५० हर्ट्झला एका रीडिंगलाच ०.२ सेकंद जातात. ड्रायव्हर कुठलाही असो, थांबायचं मीटरसाठीच.

म्हणून मीटर आणि सप्लाय कर्नल ड्रायव्हरवर, स्कोप लिबयूएसबीवर, असंच चाललंय. स्क्रिप्ट मध्येच मेली की स्कोपची केबल काढून लावावी लागते, ती कटकट आहेच. त्याचं नवं फर्मवेअर आलंय म्हणे. केळीवाल्यांचे बोर्ड निघेपर्यंत मी त्याला हात लावत नाही.