मुंबईच्या नळाला यूव्ही-यूएफ फिल्टर: विकतच्या पाण्याचे जार बंद करण्याइतका चांगला

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येतं आणि भांडुप, पांजरापूरला शुद्ध होऊन क्लोरीनसह निघतं. ते मुळातच मऊ असतं. पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, मुंबईचं पाणी त्याच्या कितीतरी खाली. त्यामुळे इथे आरओ (पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारा फिल्टर) घेणं म्हणजे एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणं, आणि तेही शहापूर तालुक्यातल्या तहानलेल्या पाड्यांच्या शेजारून आलेलं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तरच आरओ घ्या.

खरी गडबड सोसायटीच्या टाकीत होते. झाकण नीट नसलं किंवा तळाशी गाळ साचला, की क्लोरीन संपतो. तिथे यूव्ही-यूएफ (अतिनील किरणांनी जंतू मारणारा आणि अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळणारा फिल्टर) उत्तम काम करतो. पाणी आधी गाळाच्या कँडलमधून, मग कार्बनमधून जातं आणि शेवटी जंतू मरतात. पावसाळ्यात पांढरी कँडल चहासारखी तपकिरी होते. धार बारीक झाली की लगेच बदला. यूव्ही ट्यूब मात्र फसवते: निळा उजेड दिसत राहतो, पण वर्षभरात जोर ओसरतो, म्हणून ती दरवर्षी बदला. टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजतो, जंतू दाखवत नाही. तो लावून भीती घालणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा.

एक उणीव: वीज गेली की यूव्ही बंद. शिवाय कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे साठलेल्या पाण्यात जंतू पुन्हा वाढू शकतात. म्हणून दोन-तीन दिवस गावी गेलात तर आल्यावर फिल्टरची टाकी पूर्ण रिकामी करून मगच प्या.