तो फोटो माझ्या पोटाचा आहे

इंदूरच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पदर बाजूला सारून दाखवलेलं सात महिन्यांचं पोट, नाभीच्या डाव्या अंगाला तीळ. चेहरा कापून टाकलेला. खाली ओळ: 'सातवा महिना, एकही स्ट्रेच मार्क नाही!' आणि एक मोबाइल नंबर.

ते पोट माझं. ओळही खोटी नाही, फोटो काढला त्या दिवशी खरंच एकही नव्हता. अकरा दिवसांनी आले.

विकणाऱ्या बाईंचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे बिल नाही आणि त्यांच्याकडे जीभ आहे. कॉलनीत सगळ्या त्यांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणते.

गणपतीत आमच्याकडे अथर्वशीर्षाची आवर्तनं असतात, नंतर बायकांचं चहापाणी. मला पाचवा लागला होता. काकू शेजारी येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आईच्या पोटावर आहेत का गं पांढरे पट्टे?" आहेत. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवत झोपायचे. "मग बेटा, तुलाही येणारच."

हे खरं होतं. आईला असतील तर मुलीला येण्याची शक्यता जास्त, हे पुढे त्वचेच्या डॉक्टरांनीही सांगितलं. कोवळं वय, भराभर वाढलेलं वजन, मोठं बाळ किंवा जुळी, ही बाकीची कारणं. पण काकूंनी सुरुवात खऱ्याने केली आणि मी तिथेच विरघळले. त्यापुढचं सगळं खरं धरूनच ऐकलं.

शब्दही भारी. "आयुर्वेदात याला किक्किस म्हणतात. चरकात आहे." घरी येऊन फोनवर शोधलं, शब्द खरंच निघाला. त्यापुढच्या चार ओळी वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. त्या ओळींचं पुढे सांगते.

तर तेल. बदाम, ऑलिव्ह आणि काश्मिरी केशर, चौदा दिवस उन्हात मुरवलेलं. २०० मिलीची बाटली १,८०० रुपयांना. पाच बाटल्यांचा 'कोर्स' ९,०००चा, पण आपल्या माणसांना ७,५००. नवऱ्याने क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलत्याच कुणा पुरुषाचं. "भाचा आहे माझा, खातं त्याच्याच नावावर आहे." मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते. कुणी बिलाशिवाय पाचशे रुपयांचा खर्च दाखवला तर त्याला उलटेसुलटे प्रश्न विचारते. इथे ७,५०० दिले आणि बिल मागायला जीभ रेटली नाही. गणपतीपुढे बसलेल्या, आईच्या वयाच्या बाईकडे बिल मागायचं कसं?

हमी मात्र होती. तोंडी, पण ठणठणीत: सातव्या महिन्यापर्यंत एक जरी आला तर सगळे पैसे परत.

सगळी गोम या एका वाक्यात आहे. स्ट्रेच मार्क म्हणजे कातडीवर वरून पडलेला डाग नव्हे. पोट ताणलं जातं तेव्हा कातडीच्या आतल्या थरातले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे तुटतात, गरोदरपणातली हार्मोन्स त्यात भर घालतात, आणि वरून लालसर-जांभळ्या रेघा दिसू लागतात. बहुतेकींना त्या दिसतात सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, पोट झपाट्याने वाढतं तेव्हा. मग मी ७,५०० रुपयांना घेतलं काय? ज्या महिन्यांत बहुतेकींना तसंही काही होत नाही, ते महिने. मृग लागेपर्यंत छत्री गळणार नाही अशी ती गॅरंटी होती.

डोहाळजेवण सातव्यात झालं. काकू आल्या, ओटी भरली, आणि जेवणं उरकल्यावर म्हणाल्या, "दाखव गं सगळ्यांना." पदर मी स्वतः बाजूला केला. कुणी जबरदस्ती केली नाही, हे लिहायलाच हवं. खरं तर मला फुशारकीच वाटत होती. त्याच दुपारी त्या फोटोवर चौघींनी कोर्स घेतला. त्यातली एक माझी मावसनणंद.

नाभीखालचा भाग तेव्हा मला वाकूनही दिसत नसे. डिसेंबरची थंडी, पायात मोजे चढवून द्यायला सासूबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे काय ओरबाडून घेतलंस?" मी हातातला आरसा खाली धरला. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना, पिंपळपानाच्या शिरा असाव्यात तशा जांभळट रेघा.

काकूंना फोन केला.

"कितवा?"

"आठवा लागलाय."

"मग हमी संपली ना, बेटा. आणि वजन किती वाढलं?"

"नऊ किलो."

"कार्डावर सात लिहिलंय."

तेलाबरोबर एक छापील कार्ड मिळालं होतं: रात्री भात नको, तूप नको, वजन सात किलोच्या वर नको. मी इमानदारीने रात्री एका पोळीवर राहत होते. पुढच्या तपासणीला गायनॅक मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी पेनच खाली ठेवलं. साधारण बांध्याच्या बाईचं गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढायलाच हवं, कुणाचं त्याहूनही जास्त वाढतं, आणि पोटावर रेघ येऊ नये म्हणून बाळाला उपाशी ठेवतात का, असं त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

पण ते नंतर. त्या फोनवर मी घाबरलेली, आणि घाबरलेल्या माणसाला काय विकायचं ते काकूंना पक्कं माहीत. बाळंतपणानंतर मशीनने सगळं काढून देते, आत्ता बुक केलंस तर ६,०००, नंतर १४,०००. तोवर रोज लावायला मलम, डबी १,२००ची. मी ६,००० आगाऊ दिले आणि दोन डब्या घेतल्या. माझा हिशेब १५,९०० वर गेला.

तेवढ्यात त्या तेलाचं बिंग फुटलं. शेवटच्या दोन बाटल्या कपाटात होत्या. त्या आठवड्यात थंडी कडाक्याची, मी एक काढली आणि उलटी केली तर थेंब पडेना. आत सगळं पांढरं दगड, तळाशी हळदीसारखा पिवळा गाळ. सासूबाईंनी बाटली शेगडीजवळ धरली, पातळ झाल्यावर दोन थेंब तळहातावर घेऊन वास घेतला. "केशर नाही नि काही नाही. खोबरेल आहे हे." बदामाचं तेल इंदूरच्या थंडीत गोठत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं, हे हिवाळ्यात डोक्याला तेल लावलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मलाही होतंच की. उरलेली दीड बाटली आता सासूबाई केसांना लावतात. इतकं महाग खोबरेल लावणाऱ्या कॉलनीत त्या एकट्याच.

खोबरेलाने नुकसान काही झालं नाही, मऊपणा येतो, कोरडेपणाची खाज कमी होते. नुकसान केलं त्या मलमाने, आणि एका समजुतीने.

रेघा आल्यापासून पोटाला खाज सुटायची. काकू म्हणाल्या, "बाळाला केस येतायत, छान जावळ असेल." घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली, आमच्याकडे असंच म्हणतात. वरून मलम लावलं की दोन दिवसांत खाज गायब व्हायची, थांबवलं की दुप्पट. असे तीन आठवडे काढल्यावर मॅडमना सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "तळहात-तळपायांना खाजतं? रात्री वाढतं?" शेवटच्या तीन महिन्यांत यकृतातून पित्त नीट वाहिनासं झालं तरी अशी खाज सुटते, त्यात बहुतेकदा तळहात-तळपाय खाजतात, आणि ते बाळाला धोक्याचं असतं. लगोलग रक्त तपासलं: यकृताच्या चाचण्या आणि पित्तक्षार. सगळं ठीक निघालं. पण रिपोर्ट येईपर्यंतची ती रात्र मी जावळाचा विचार करत काढली, वेगळ्या अर्थाने.

त्याच रात्री चरकातल्या त्या पुढच्या ओळी वाचल्या. शारीरस्थान या भागात सातव्या महिन्याच्या वर्णनात असं आहे की, गर्भाला केस उगवतात म्हणून आईला आग होते, असं बायका म्हणतात. ग्रंथातले गुरू आत्रेय म्हणतात, तसं नाही. गर्भाच्या दाबाने वात-पित्त-कफ हे दोष वर छातीकडे सरकतात, त्यातून आग, आगीतून खाज, खाजेतून किक्किस. आणि खाजवू नये, असंही सांगितलंय. काकू ज्या ग्रंथाचं नाव घेऊन मला गप्प बसवत होत्या, त्यात काकूंचीच समजूत खोडून काढलेली होती.

मॅडमनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या बाईंनी मलमाची डबी उलटीसुलटी करून पाहिली. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, आत काय आहे ते नाही. नुसतं एक गुलाबी फूल. "खाज किती दिवसांत थांबली?" दोन, म्हटलं. त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि टॉर्च लावून पोट बघितलं. कातडी चकचकीत झाली होती, बारीक शिरा दिसत होत्या. म्हणाल्या, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण लक्षणं जोरदार स्टिरॉइडची आहेत. क्लोबेटासॉलसारखी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, ती बिननावाच्या डब्यांत अशीच घरोघर येतात. फार दिवस लावली की कातडी पातळ होते.

"आणि त्यानेच स्ट्रेच मार्क्स पडतात," त्या म्हणाल्या. मला आधी हसू आलं.

गरोदरपणात अशी जोरदार मलमं भरपूर प्रमाणात वापरण्याचा बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध दिसलेला आहे, हे त्यांनी सावकाश सांगितलं. मलम बंद. खाजेला साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. माझी मुलगी २ किलो ८०० ग्रॅमची झाली, ठणठणीत.

प्रतिबंधाबद्दल त्या जे बोलल्या ते मला कुणीतरी गणपतीतच सांगायला हवं होतं. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने गरोदरपणात लावायच्या तेला-मलमांच्या सहा चाचण्या, मिळून ८०० बायका, एकत्र तपासल्या. यातलं काही लावल्याने स्ट्रेच मार्क्स टळतात असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कोको बटर, ऑलिव्ह, सगळं त्यात आलं. लावा, बरं वाटतं म्हणून लावा, पण हजारो रुपयांचं नको. आल्यानंतरचं म्हणाल तर, ताज्या लाल रेघांवर उपचार त्यातल्या त्यात बरे लागू पडतात. ट्रेटिनॉइन नावाचं मलम आहे, पण ते गरोदरपणात अजिबात नाही, आणि अंगावर पाजत असताना स्वतःच्या मनाने नाही. लेझर आणि सुयांचे उपचार आहेत, चार-सहा वेळा जावं लागतं, फरक पडतो, पुसून जात नाहीत. आणि काहीही केलं नाही तरी त्या रेघा काही महिन्यांत फिकट होत चंदेरी होतात.

इथे काकूंचा दुसरा धंदा माझ्या लक्षात आला. बाळंतपणानंतरची सहा महिन्यांची पॅकेजं विकायची, आणि जे आपोआप फिकट होणार ते मशीनच्या नावावर लावायचं. त्यांनी पाठवलेले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मी परत काढून बघितले. 'आधी'त नाभीवरून जाणारी काळी उभी रेघ होती, 'नंतर'मध्ये गायब. ती रेघ तर गरोदरपणात येते आणि पुढे स्वतःहूनच जाते. बाजूच्या पट्ट्यांवर दोन्ही फोटोंत हात ठेवलेला.

मशीन कसलं, विचारलं तर सुया असलेल्या रोलरचा फोटो आला. एकच रोलर किती जणींच्या पोटावरून फिरतो, हे विचारल्यावर उत्तर आलं नाही.

मग मी माझं कामाचं डोकं चालवलं, जरा उशिरा. यूपीआयच्या नोंदी, चॅट, कार्ड, बिननावाच्या डबीचे फोटो, सगळं तारीखवार लावलं. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर काकूंना पाठवला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही कळवलं. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या खात्यातून ६,००० परत आले, सोबत हात जोडलेले दोन इमोजी. मशीनची वेळच आली नव्हती, म्हणून ते परत मिळाले असावेत. तेल-मलमाच्या ९,९००बद्दल मात्र 'वापरलेला माल परत घेत नाही'. ती तक्रार अजून चालू आहे.

मावसनणंदेने मला काही बोलून दाखवलं नाही. तिला आठव्यात आले. तिने मलम घेतलं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

फोटो काढून टाका म्हणून मी काकूंना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पण बेटा, फोटो तर खराच आहे ना?"

म्हणून खूण सांगून ठेवते. हिरव्या साडीला राणी रंगाचा काठ, नाभीच्या डावीकडे तीळ, मागे आमच्या झोपाळ्याची पितळी कडी. तुमच्या ग्रुपवर आला तर त्याच्याखाली एवढं लिहा: हिला अकरा दिवसांनी आले.