कोरीच्या पिल्लांसाठी बाहेर लटकवायचा ब्रीडिंग बॉक्स : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

टाकीच्या काचेला बाहेरून अडकवायचा, एअर पंपावर चालणारा ब्रीडिंग बॉक्स मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. तेव्हापासून ब्राँझ आणि अल्बिनो कोरीची (कोरीडोरास, म्हणजे तळाशी राहणारा छोटा मिशाळ मासा) बरीच पिल्लं त्यातून मोठी झाली. मत आधीच सांगतो: अंड्यातून बाहेर आल्यापासून पहिले दोन-तीन आठवडे याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. त्यानंतर मात्र पिल्लं त्यात ठेवू नका.

याचं कारण कोरीच्या सवयीत आहे. गप्पीची पिल्लं पाण्यात वर तरंगत राहतात, कोरीची पिल्लं जन्मापासून तळाला पोट टेकून असतात. उरलेलं खाणं तळाशीच कुजतं, तिथे बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लांच्या मिशा, पर झडायला तिथूनच सुरुवात होते. वेगळ्या छोट्या डब्यात पिल्लं ठेवली तर सकाळी बदललेलं पाणी संध्याकाळपर्यंत खराब होतं. या बॉक्समध्ये हवेच्या जोराने मोठ्या टाकीतलं पाणी चढत राहतं आणि दुसऱ्या बाजूच्या फटींतून परत टाकीत पडतं. म्हणजे हातभर जागेतल्या पिल्लांना पूर्ण टाकीचं मुरलेलं (जुनं, स्थिरावलेलं) पाणी मिळतं. तळ मात्र आपणच पुसायचा. रंगकामाचा मऊ ब्रश आणि एअर पंपाची बारीक नळी एवढ्यावर रोजचं काम पाच मिनिटांत होतं. वाळू अजिबात घालू नका.

अंड्यांसाठी मी हा बॉक्स वापरत नाही, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. बुरशी टाळायला मिथिलीन ब्लू घालायचं तर ते फिरत्या पाण्याबरोबर मोठ्या टाकीत जाणार, म्हणजे फिल्टरमधल्या, पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या उपयोगी जिवाणूंचं नुकसान. मी अंडी बोटाने काचेवरून हलकेच सोडवतो (घातल्यावर थोड्या वेळाने ती चांगली टणक होतात) आणि एअर स्टोन लावलेल्या वाडग्यात फिकट निळ्या पाण्यात ठेवतो. वाडगा टाकीतच तरंगता ठेवला की तापमान सांभाळलं जातं. पांढरी पडलेली अंडी रोज उचलायची. 25 अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात, मग त्यांची रवानगी बॉक्समध्ये.

अंडी घालवून घ्यायला नाशिकचा पाऊस मोठी मदत करतो. हवेचा दाब उतरलेला, नळाचं पाणीही गार. अशा दिवसात क्लोरीन काढलेलं, टाकीपेक्षा तीन-चार अंश थंड पाणी तिसरा हिस्सा बदललं की माझ्या माद्या बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी काच चाटायला लागतात. मग नराच्या कुशीला तोंड लावून ती ‘टी’ आकाराची जोडी, मादीच्या पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेली दोन-चार अंडी, आणि तशीच पोहत जाऊन काचेवर चिकटवणं! कितीही वेळा पाहिलं तरी मी खुर्ची ओढून बसतोच. एका मादीमागे दोन नर असू द्या.

खाणं देताना एक गोष्ट सांभाळावी लागते. पहिले दोनेक दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात, नंतर मायक्रोवर्म (अगदी बारीक जिवंत कृमी) आणि ताजी आर्टेमिया (अंड्यांतून नुकते निघालेले बारीक झिंगे). पण आर्टेमिया पाण्याच्या ओढीने फटींतून निघून जाते आणि मोठे मासे खाली ‘आ’ करून उभेच असतात. मी तेवढ्यापुरती हवा बंद करतो, पाव तासाने पुन्हा सुरू. मायक्रोवर्म तळाला बसतात, त्यामुळे या बॉक्ससाठी तेच जास्त सोयीचे. ओट्सच्या खिरीवर चिमूटभर यीस्ट टाकून ते घरात सहज वाढतात. बाहेर पडायच्या फटी कोरीच्या नवजात पिल्लांसाठी मोठ्या आहेत. तिथे जाड स्पंजची पट्टी खोचा, हे काम कंपनीनेच करायला हवं होतं.

नाशिकच्या थंडीत या बॉक्सचा कस लागला. टाकीत हीटर असला तरी बॉक्स काचेबाहेर, तीन बाजूंनी गार हवा. डिसेंबर-जानेवारीत हवा बारीक सोडली तर बॉक्समधलं पाणी टाकीपेक्षा दोन अंशांनी उतरायचं. हवा वाढवली आणि बाहेरून थर्माकोलचे तुकडे चिकटवले, तेव्हा फरक अर्ध्या अंशावर आला. आर्टेमियाची अंडी उबवायची बाटलीही त्या दिवसांत टाकीतच तरंगत ठेवा, नाहीतर एका दिवसात फुटणाऱ्या अंड्यांना दोन दिवस लागतात.

उन्हाळ्यात अडचण वेगळी. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी आटून बोटभर खाली गेलं की हवेला ते जास्त उंच चढवावं लागतं, आणि बॉक्समधला प्रवाह जवळजवळ थांबल्यासारखा मंदावतो. रोज पातळी बघा. वीज गेल्यावर प्रवाह थांबतोच, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा आणि नळीत पाणी पंपाकडे उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

पिल्लू सेंटीमीटरभर झालं, अंगावर ठिपके दिसू लागले की त्याला उथळ पण पसरट टाकीत हलवा, सोबत मुरलेला (उपयोगी जिवाणू वसलेला) स्पंज फिल्टर. तळाच्या माशाला पाण्याची उंची नको, फिरायला जमीन हवी. त्यामुळे बॉक्स घेतानाही खोल मॉडेल सोडून सर्वांत लांब तळाचं बघा, आणि त्याचा हूक आपल्या टाकीच्या काचेच्या जाडीवर बसतो का ते दुकानातच मोजून घ्या. माझा आठ मिलिमीटरच्या काचेवर जेमतेम बसला.