थंड झिंग्यांसाठी गोठवलेले पाकीट: नागपुरातून एक परीक्षण

समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपुरात, उकडून थंडच वाढायचे झिंगे बाजारातून घ्यावेत की गोठवलेल्या पाकिटातले, या प्रश्नावर माझा कौल पाकिटाच्या बाजूने आहे. भोईपुऱ्यात गोड्या पाण्यातला मासा चांगला मिळतो आणि रश्श्यासाठी मी तोच घेते. समुद्री झिंगे मात्र बर्फात प्रवास करून येतात, आणि ज्या पदार्थाला फोडणीचा किंवा मसाल्याचा आधार नसतो, त्यात किंचित शिळेपणाही पहिल्या घासाला कळतो.

मी धरमपेठेतून घेतलेल्या पाकिटात कच्चे, सोललेले, काळा दोरा काढलेले आणि शेपूट राखलेले व्हॅनामेई जातीचे झिंगे होते. पाकिटावरील ३१/४० हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते सांगतो. आकडा जितका लहान, तितका झिंगा मोठा. शेपूट धरून चटणीत बुडवून खाण्यासाठी हा आकार मला योग्य वाटला. दोष एकच, पण मोठा: प्रत्येक नगावर बर्फाचा जाड थर होता आणि तो उतरल्यावर भरगच्च दिसणारे पाकीट बरेच आटले. म्हणून बर्फ वगळून दिलेले निव्वळ वजन पाहूनच भावाची तुलना करावी. घटकांच्या यादीत फॉस्फेट असेल तर झिंगा पाणी धरून ठेवतो आणि दाताखाली रबरासारखा लागू शकतो. या पाकिटात केवळ झिंगे आणि मीठ होते, आणि चवीत तो फरक स्पष्ट जाणवला. दुसऱ्या एका कंपनीचे आधीच उकडलेले गुलाबी झिंगे वेळ वाचवतात, पण ते इतके बेचव निघाले की पाहुण्यांसमोर मी पुन्हा ठेवणार नाही.

पाकीट रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. गरम पाण्यात टाकून घाई करू नये. पाण्यात मीठ, मिरे, तमालपत्र आणि लिंबाची फोड घालून उकळी आणावी, आच बंद करून झिंगे सोडावेत आणि दोन-तीन मिनिटांत ते अपारदर्शक होऊन अर्धचंद्रासारखे वळले की लगेच बर्फाच्या पाण्यात घालावेत. पूर्ण कडे झाले, तर ते जास्त शिजून चिवट झाले आहेत असे समजावे. वाढण्यापूर्वी कापडाने टिपून कोरडे करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ओल्या झिंग्यांवर चटणी ठरत नाही. चटणीसाठी टोमॅटो केचप, लिंबाचा रस आणि थंड पाण्यात दहा मिनिटे भिजवलेली मोहरीची पूड पुरते. गरम पाणी घातल्यास मोहरीचा झणका येत नाही. हिवाळ्यात शेजारी संत्र्याच्या सोललेल्या फोडी ठेवल्या, तर त्यांचा आंबटगोडपणा झिंग्यांना फार शोभतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात ताटली बर्फावर ठेवावी आणि बर्फाविना तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहिलेले झिंगे टाकून द्यावेत. झिंग्यांची ॲलर्जी गंभीर असू शकते, त्यामुळे पाहुण्यांना आधी अवश्य विचारावे.

खरेदी करताना पाकीट हलवून पाहावे: आत नग सुटे खुळखुळत असतील तर घ्यावे, आणि सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता असल्याने दुकानातच परत ठेवावे.